पान चारशे बारा

पान तीनशे नव्वद उलटलं त्या दिवसापासून टाइमकीपरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पुढे पान चारशे बारा होतं, आणि त्या पानावर काय छापलंय ते त्या दिवशी सगळ्या इमारतीत एकट्या टाइमकीपरांना माहीत होतं.

टाइमकीपर म्हणजे बस डेपोतले. नोकरी संपून दोन वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. एकतीस वर्षं त्यांनी डेपोच्या फाटकापाशी बसून गाड्यांची नोंद केली होती. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उशीर, उशिराचं कारण. या शेवटच्या रकान्यावर त्यांचा फार जीव. ड्रायव्हर येऊन वाट्टेल ते सांगत. मेंढ्या आडव्या आल्या म्हणत, प्रवाशाला चक्कर आली म्हणत. टाइमकीपर सगळं ऐकून घेत आणि पटेल तेवढंच लिहीत. एकतीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत एक आकडा खोडला नव्हता की एक खोटा घातला नव्हता. ही गोष्ट आपण कुणाला सांगत नाही, असं ते भेटेल त्याला सांगत.

नोकरी संपल्यावर दुपार खायला उठली, तेव्हा बायकोने त्यांना वाचनालयात पिटाळलं. तिथे त्यांनी सगळ्यांत जाड पुस्तक मागितलं. ग्रंथपाल बाईंनी मोठ्या युद्धातल्या एका लढाईचा इतिहास काढून दिला. तीन खंड. लढाई चालली तीन दिवस आणि पानं एकोणीसशे. टाइमकीपर हरखले, कारण त्यात कुठली तुकडी किती वाजता निघाली आणि किती वाजता पोचली हे मिनिटामिनिटाने दिलेलं होतं. त्यांनी जुन्या वहीत रकाने आखले आणि लढाईची नोंद सुरू केली. पायदळाची तिसरी तुकडी, निघाली चार वीस, पोचली पाच पंचावन्न, उशीर पंधरा मिनिटं, कारण चिखल.

"युद्ध म्हणजे वाईट चालवलेला डेपो," ते जिन्यात भेटणाऱ्याला सांगू लागले. "वरचे साहेब जागेवर नाहीत, गाड्या नादुरुस्त, आणि प्रवासी जीव मुठीत धरून."

एकदा हे ते तळमजल्यावर सांगत होते. तिथे आजोबा खुर्चीत बसलेले असत. आजोबांनी नव्वदी गाठली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात एकच स्वेटर. तरुणपणी लॉरी चालवायचे एवढंच लोकांना ठाऊक होतं.

"कुठली लढाई म्हणालात?" आजोबांनी विचारलं.

"पुलाची. मोठ्या युद्धातली."

"मी होतो तिथे," आजोबा म्हणाले.

आजोबांची सून ओट्यावर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा खाली पडला. लग्न होऊन तेवीस वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या तोंडून हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"दारूगोळ्याचा ताफा होता आमचा. बारा लॉऱ्या. पुढची माझी," आजोबा म्हणाले. "त्या ताफ्याचं काय लिहिलंय ते मला वाचून दाखवाल? मला दिसत नाही."

टाइमकीपरांची छाती दोन इंच फुगली. ते म्हणाले, "ताफ्याचंच कशाला? पहिल्या पानापासून वाचतो. रोज चार वाजता."

माणसाने उदार व्हावं, पण आधी पुढची पानं चाळून व्हावं. ते त्यांना सुचलं नाही.

रोज चार वाजता वाचन सुरू झालं. टाइमकीपर चार म्हणजे चारलाच येत आणि पानाचा आकडा सांगून सुरू करत. दोन दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर स्वतःची खुर्ची घेऊन आले. हेडमास्तर निवृत्त झाले होते, पण फक्त शाळेतून. त्यांच्यामागून आणखी चार-पाच घरची माणसं येऊ लागली. पहिला खंड सहा आठवड्यांत झाला. आजोबा डोळे मिटून ऐकत आणि उठताना एकच विचारत, "ताफा आला का?"

"अजून निघायचाय," टाइमकीपर म्हणत.

दुसऱ्या खंडाच्या मध्यावर एका सकाळी त्यांनी संध्याकाळचा भाग घरी वाचून ठेवावा म्हणून पानं पुढे उलटली, आणि ताफा आला. पान चारशे बारा. अडीच ओळी. 'राखीव दारूगोळ्याचा ताफा पुलावर चाळीस मिनिटे उशिरा पोचला. पुढच्या लॉरीच्या चालकाने वळण चुकवले, असे ताफ्याच्या अधिकाऱ्याने नंतर नमूद केले.' पुढचं पान त्यांनी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. वहीत त्यांनी 'उशीर' खाली चाळीस लिहिलं. 'उशिराचं कारण' हा रकाना कोरा राहिला. असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

"दोन पानं एकदम उलटा," सगळं ऐकून बायको म्हणाली. "जुन्या पुस्तकांची पानं चिकटतातच."

"ते ताफ्यासाठीच ऐकतायत. दोन महिने."

"मग खरं काय ते वाचा."

"नव्वद वर्षांच्या माणसाला? सगळ्यांसमोर?"

"मग मला कशाला विचारता?" बायको म्हणाली आणि कणकेत पाणी जास्त झालं म्हणून तेही त्यांच्याच नावावर टाकलं.

टाइमकीपरांनी मग वेळ काढायला सुरुवात केली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचा उशीर मोजला त्याने स्वतः उशीर करायला घेतला की तो फार नेटका करतो. ते तळटिपा वाचू लागले. नंतर तळटिपांच्या तळटिपा. खेचरांच्या नालांचे आकार त्यांनी पूर्ण एक संध्याकाळ वाचले. सैनिकांच्या पायमोज्यांचा तक्ता वाचायला घेतला तेव्हा तिसऱ्या घरची मंडळी उठून गेली. आजोबा मात्र हलले नाहीत. "पायमोजे ओलेच असायचे," ते म्हणाले. "ताफा आला का?"

शेवटी न राहवून टाइमकीपरांनी हेडमास्तरांचा सल्ला घेतला. सरळ सांगायची सोय नव्हती, कारण हेडमास्तरांना सांगितलेली गोष्ट जिना उतरायच्या आत खाली पोचलेली असे. म्हणून ते आडून म्हणाले, "समजा, एका वयस्कर माणसाबद्दल कागदावर काही वाईट लिहिलंय. त्याला ते माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. सांगावं का?"

हेडमास्तर गंभीर झाले. "कोण? आजोबा?"

टाइमकीपर गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं, हे हेडमास्तर चाळीस वर्षं वर्गात शिकले होते.

"कुठल्या लॅबचा कागद आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

संध्याकाळी चारला टाइमकीपर खाली आले, तर आजोबांच्या खुर्चीभोवती पाच घरची फळं. तिसऱ्या घरची बाई त्यांच्या पायांवर शाल घालत होती. सून दाराशी डोळे पुसत होती. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय नाही सांगितलं?" आजोबा विचारत होते. "आणि ही मोसंबी कुणाची? माझ्या पायाला काय झालंय?"

पायाला काही झालेलं नाही, हे पटवायला टाइमकीपरांना दीड तास लागला. तरी सुनेने त्यांना दुसऱ्या दिवशी तपासणीला नेलंच. डॉक्टरांनी सगळं ठणठणीत आहे म्हटल्यावर इमारतीची खात्री झाली की रोग फार आतला असणार.

आता एकच वाट उरली. पुस्तकच परत करून टाकावं. दुसऱ्या वाचकाने मागितलं म्हणून सांगता येईल. टाइमकीपर दुसरा खंड काखेत मारून वाचनालयात गेले.

"आत घेता येणार नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "साठा-तपासणी चालू आहे."

"अहो, मी देतोय. मागत नाहीये."

"तेच म्हणते मी. या महिन्यात जी पुस्तकं बाहेर आहेत ती बाहेर म्हणून मोजलीत. हे आत आलं की एक जास्त भरेल. मग मला लेखी खुलासा द्यावा लागेल की हे कुठून आलं." बाईंनी पुस्तकाच्या मागची चिठ्ठी उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "एकोणीस वर्षांत हे तुम्हीच पहिले वाचताय. थांबा, तुम्हाला मुदत वाढवून देते." आणि त्यांनी आपल्या हाताने त्यावर पुढच्या महिन्याचा शिक्का मारला.

टाइमकीपर पुस्तक घेऊन घरी आले. बायकोने पुस्तकाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुस्तक ठेवायला टेबलावर जागा करून दिली. 

दुसऱ्या दिवशी चार वाजता पान चारशे बारा आलं. वाचायला आणखी तळटीप शिल्लक नव्हती. आजोबा सरळ बसले होते. डोळ्यांसमोर त्या अडीच ओळी लख्ख दिसत होत्या आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"राखीव दारूगोळ्याचा ताफा ठरल्या वेळी पुलावर पोचला."

हेडमास्तरांनी आजोबांच्या खांद्यावर थोपटलं.

"परत वाचा," आजोबा म्हणाले.

"राखीव ताफा वेळेवर पुलावर दाखल झाला."

"मघाशी 'ठरल्या वेळी' होतं," हेडमास्तर म्हणाले.

"दोनदा लिहिलंय," टाइमकीपर म्हणाले. आयुष्यातली दुसरी खोटी नोंद पहिलीपेक्षा किती सोपी जाते, याचं त्यांना नवल वाटलं.

आजोबांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी टाइमकीपरांनी मान खाली घातली.

"हे पुस्तक खोटं आहे," आजोबा म्हणाले. "ताफा उशिरा पोचला. मी चालवत होतो, मला माहीत आहे. पुलावर माणसं वाट बघत होती, आणि हा लेखक म्हणतो आम्ही वेळेवर होतो. या पुस्तकाची तक्रार करायची."

"जाऊ द्या हो आजोबा, जुनी गोष्ट," टाइमकीपर कसेबसे म्हणाले.

"माझी जुनी नाही."

हेडमास्तर उठून उभे राहिले होते. तक्रार हा शब्द कानावर पडला की त्यांच्या अंगात वारं भरत असे. रात्रीच्या जेवणाच्या आत त्यांनी मसुदा तयार केला. 'सदर लेखकाने ऐतिहासिक सत्याचा विपर्यास करून हयात सैनिकाच्या भावना दुखावल्या असून सदर ग्रंथ वाचनालयातून तत्काळ काढून टाकावा.' खाली अकरा घरांच्या सह्या. पहिली सही वाचकाची हवी, असा त्यांनी आग्रह धरला. टाइमकीपरांनी पेन हातात घेतलं, तेव्हा ते अर्धा किलो भरलं असतं.

"करा सही," बायको मागून म्हणाली. "एवढं केलंत, तर हेही करा."

त्यांनी सही केली. एका निरपराध लेखकावर खोटा आळ घातल्याच्या कागदावर आपलं नाव पहिलं आहे, या विचाराने त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ढेकर आला नाही.

वाचनालय अकरा मिनिटांच्या अंतरावर. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांबरोबर सव्वीस मिनिटं लागली, आणि त्या सव्वीस मिनिटांत टाइमकीपरांनी चार वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा मागून हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा हेडमास्तर मध्ये बोलले. तिसऱ्यांदा आजोबांनी स्वतःच विचारलं, "काही म्हणताय?" आणि ते म्हणाले, "खड्डा आहे, जपून." चौथ्यांदा वाचनालयाचं दार आलं.

तक्रार मात्र साठा-तपासणीतही आत घेत होते. ग्रंथपाल बाईंनी तीन प्रतींचा फॉर्म काढला. "ज्या वाक्याबद्दल तक्रार आहे ते वाक्य इथे उतरवावं लागतं," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "द्या पुस्तक. पान किती?"

"चारशे बारा," आजोबा म्हणाले.

टाइमकीपरांनी पुस्तक घट्ट धरलं होतं. बाईंना ते दोनदा ओढावं लागलं. त्यांनी पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ वाचलं. चाळीस मिनिटे उशिरा. पुढच्या लॉरीच्या चालकाने वळण चुकवले.

हेडमास्तर पुस्तकात डोकावले. मग त्यांनी टाइमकीपरांकडे पाहिलं. मग छताकडे.

"परत वाचा," आजोबा म्हणाले. बाईंनी परत वाचलं.

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "टाइमकीपर," ते म्हणाले, "डेपोत असं करायचात?"

"नाही. एकदाही नाही."

"मग माझ्याच बाबतीत का?"

डेपोत ड्रायव्हरांची शेकडो कारणं ऐकली होती त्यांनी. एकही कामाला आलं नाही.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," ते शेवटी म्हणाले.

"ते मला कधीचं वाटतंय," आजोबा म्हणाले. "कुणीतरी मोठ्याने म्हणावं, एवढंच हवं होतं."

ग्रंथपाल बाईंचं पेन फॉर्मवर थांबलं होतं. "मग तक्रारीचं काय करू? शेवटचा रकाना भरावाच लागतो."

"लिहा," आजोबा म्हणाले. "पुस्तक बरोबर आहे. वाचणारा चुकला."

बाईंनी तसं लिहिलं, तीन प्रतींत, आणि नियमाप्रमाणे खाली वाचणाऱ्याची सही घेतली. डेपोतून कोऱ्या शेऱ्याने बाहेर पडलेले टाइमकीपर, एकसष्टाव्या वर्षी वाचनालयाच्या दप्तरात कायमचे चुकले.

"पण बरोबर तरी कुठे आहे," आजोबा स्वतःशीच म्हणाले. "चाळीस नाही. पंचावन्न."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे पुस्तकही चुकलंय?"

"पुस्तक मला पंधरा मिनिटांची सूट देतंय. मला ती नको." ते बाकावर बसले. "टाइमकीपर, तुमची ती वही आहे का?"

वही पिशवीत होती. टाइमकीपर शेजारी बसले आणि पेन्सिल काढली. 

"वळणाचा फाटा किती वाजता लागला?"

"पाच दहा. पाट्या उखडून टाकलेल्या. डावीकडचा रस्ता खडी उखडलेला, उजवीकडचा गुळगुळीत. ड्रायव्हरला चांगला रस्ता दिसला की त्याचे हात तिकडेच वळतात."

"शेजारी अधिकारी होते ना? त्यांच्याजवळ नकाशा असेल."

"साहेब झोपलेले. तीन दिवस डोळा लागला नव्हता त्यांचा. उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, रस्ता मला दिसतोय की." आजोबा थांबले. "ते झोपलेले हे लिहू नका. ते त्यांचं आहे."

"मग कारण काय लिहू?"

"चालकाने विचारलं नाही."

टाइमकीपरांनी लिहिलं. पुढे चार मैलांवर रस्ता दगडाच्या खाणीत संपला होता. तिथे बारा लॉऱ्या एकेक करून माघारी वळवाव्या लागल्या, अरुंद जागेत, मागे खड्डा. एका लॉरीला किती वेळ लागला ते टाइमकीपरांनी विचारलं, गुणाकार केला, मैलांचा हिशेब जोडला. पंचावन्न भरले.

"पंचावन्न," ते म्हणाले.

"मी म्हटलंच," आजोबा म्हणाले.

सगळे परत आले. तळमजल्यावर खुर्चीत बसल्यावर आजोबांनी एवढंच विचारलं, "पुढच्या पानावर काय आहे?"

टाइमकीपरांनी पिशवीचा बंद आवळला. "पुलावरच्या माणसांचं आहे."

"उद्या चारला. जसंच्या तसं."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी बाकीच्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडला. सुनेने दोन पाण्याचे पेले ठेवले आणि आत गेली, पण दार पूर्ण लावलं नाही. टाइमकीपरांनी पान चारशे तेरा उघडलं. पाणी प्यायले. घसा खाकरला. आणखी काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा वाचायला लागले.

पुलावर एकशे सव्वीस माणसं होती. साडेसहाला गोळ्या संपल्या. त्यानंतर त्यांनी काय काय हातात घेतलं, कोण कुठल्या खांबापाशी पडलं, हे सगळं पुस्तकात होतं. टाइमकीपरांनी एक शब्द गाळला नाही. आवाज दोनदा बसला, दोन्ही वेळा त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं. आजोबांचे डोळे मिटलेले होते. काठी मांडीवर आडवी होती.

"'ताफा पोचला तेव्हा,'" टाइमकीपरांनी वाचलं, "'पुलावर एकोणीस माणसे जिवंत होती.'"

आजोबांनी डोळे उघडले. "किती?"

"एकोणीस."

"नीट बघा. अठरा असेल."

टाइमकीपरांनी आकड्यावर बोट ठेवलं, पान उजेडात तिरपं धरलं. आजोबांचं ऐकून मान डोलवणं सोपं होतं. "एकोणीस," ते म्हणाले. "एकावर नऊ. शिवाय अक्षरातही दिलंय."

"मी अठरा मोजले होते. माझ्याच लॉरीतून आणले मागे. रोज मोजतो मी. अठराच होतात."

टाइमकीपरांनी खालची तळटीप शोधली. तिथे एकोणीस जणांची नावं होती. ती त्यांनी एकेक करून वाचली आणि आजोबांनी बोटांवर मोजली. दहा बोटं संपली, परत सुरुवात झाली. एकोणिसावं नाव आलं तेव्हा आजोबांचं बोट हवेत उभं राहिलं.

"हा नव्हता माझ्या लॉरीत," ते म्हणाले. "कुठून निघाला असेल हो हा?"

टाइमकीपरांनी पान मागे-पुढे करून पाहिलं. काहीतरी सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं. नदीत उडी मारली असेल, पलीकडून चालत गेला असेल.

"पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"नसू दे," आजोबा म्हणाले. बोट त्यांनी हळूच मुठीत घेतलं. "वाचला ना. पुरे झालं."